आसरांच्या डोहातले मासे

२०२३

१४ मार्च

आज सकाळी पूजा आटोपल्यावर चहा न घेताच कालव्यावर गेलो, विजार गुडघ्याच्या वर दुमडली आणि रिकाम्या होत चाललेल्या कालव्यात उतरलो.

कालव्याचं आवर्तन परवा बंद झालं. धरणातून पाणी सुटलं की त्याच्याबरोबर मासे येतात आणि पाणी बंद झालं की जिथं असतील तिथं अडकतात. आमच्या शेताजवळच्या मोरीखाली खळगा आहे, त्यात शेवटचं पाणी उरतं. मग बगळे येतात, कुत्री येतात, उरलेलं ऊन संपवतं. पंचवीस वर्षं मी त्या मोरीवरून शेतात जातो. वास आला की उपरणं नाकाला लावायचं आणि पुढं जायचं, एवढंच करत आलो.

आज थांबलो, त्याला कारण शीला. कार्तिकात ती गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. लेकीनं, आरतीनं सांगितलं, आई, मी दादांची काळजी घेईन. मेहुण्यांनी सांगितलं, दिवसकार्यात काही कमी पडणार नाही. कावळा झाडावर बसलेला, खाली येईना. शेवटी लोक माझ्याकडे बघायला लागले. तोंडातून निघून गेलं, "डोहातले मासे मी सांभाळीन." आणि तो उतरला.

शीला दर सोमवारी नदीतल्या आसरांच्या, म्हणजे जलदेवतांच्या डोहावर चुरमुरे घेऊन जायची. काठावरच्या दगडावर बांगड्यांचा हात दोनदा आपटला की खडस वर यायचे. खडस म्हणजे मोठ्या सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा मासा. त्यातली एक, शेपटीला फाटलेली, सगळ्यांच्या मागून यायची. शीला तिला थोरली म्हणायची. शीला गेल्यावर मी तांब्या आपटून पाहिला. एकही वर आला नाही. डोहात मासेच कमी झाले असतील असं मनात बसलं. इकडे कालव्यात मरतायत, तिकडे डोह रिकामा होतोय.

म्हणून आज उतरलो. फवारणीचा निळा ड्रम राखेनं तीनदा घासून नेला होता. घमेल्यानं मासे भरले. डोहापर्यंत पोचलो तेव्हा सगळे पोट वर करून तरंगत होते. ड्रमाला वास येत नव्हता, पण त्यांना कळलं.

ड्रमाशेजारी बराच वेळ बसून राहिलो. जगवायला निघालो आणि माझ्याच हातानं मेले.

१५ मार्च

गाय विकल्यापासून शीलाच्या दुधाच्या किटल्या माळ्यावर होत्या. खाली काढल्या. दुधाच्या भांड्यात मासे घालायला जीव होईना. मग वाटलं, तिचीच भांडी आहेत, कामही तिचंच आहे.

किटलीत कालव्याचंच पाणी घेतलं, तोंडाला ओलं गोणपाट बांधलं आणि वाटेत गाडी थांबवून तांब्यानं पाणी वरून ओतत राहिलो. मासे जगले. संध्याकाळचा हरिपाठ आज नीट झाला.

१७ मार्च

मोरीवर हौशीराम भेटला. वरच्या अंगाला, आंबेगावच्या डोंगरातला माणूस. कालवा बंद झाला की फेकजाळं खांद्यावर टाकून येतो, दोन दिवस मोरीत झोपतो आणि मासे घेऊन जातो. मला खळग्यात बघून काठावर उकिडवा बसला.

"बुवा, माळ घालून मासे धरताय?"

मी म्हणालो, खायला नाही, डोहात सोडायला.

"आसरांच्या? मंग माझं बी थोडं सोडा. पुण्य वाटून घिऊ."

चेष्टा करायची त्याला सवयच आहे. नंतर मात्र किटलीजवळ आला, गोणपाट उचलून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हात घालू द्या. निवडून देतो. समदे सोडण्याजोगे नस्त्यात."

मी गोणपाट ओढून घेतलं. मासे खाणाऱ्याच्या हातात मासे कसे द्यायचे? चांगले मोठे काढून घेईल आणि मुऱ्या-शिंगटे असले बारके मासे माझ्या गळ्यात घालेल. तो हसला, विडी पेटवली आणि पलीकडच्या मोरीवर निघून गेला.

मनात आलं, माझंही वागणं बरोबर नव्हतं. पण आसरांच्या कामात लोभ शिरू द्यायचा नव्हता.

आज एका माशाच्या पाठीवरचा काटा अंगठ्यात गेला. फणीसारखी काट्यांची रांग असते त्याच्या पाठीवर, अंगावर फिकट पट्टे. लई चपळ आणि जिवट. किटलीत बाकीचे धापा टाकतात तेव्हाही हे ताजेतवाने असतात. देवाच्या डोहाला असेच हवेत.

१९ मार्च

आज जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

खळग्यात आता गुडघ्याएवढंच पाणी आहे. पट्ट्यांचा एक मासा, हाताच्या पंज्याएवढा, कडेला थांबला होता. त्याच्या तोंडापुढं मोहरीसारखा ढग. नीट पाहिलं तर ती पिल्लं, डोळे तेवढे दिसत होते. माझी सावली पडली आणि त्या माशानं तोंड उघडलं. सगळी पिल्लं आत गेली. तोंड मिटलं. थोड्या वेळानं मी मागं सरलो तेव्हा पुन्हा एकेक बाहेर आलं.

मी पाण्यात तसाच हात जोडून उभा राहिलो.

आरती लहान असताना शेजारच्या कडब्याला आग लागली होती. शीला तिला पदरात गुंडाळून तोंडाशी धरून पळाली होती, ते आठवलं. कुठूनतरी शीलानंच हे दाखवलं असं वाटलं. आपण करतोय ते तिला पोचतंय.

त्या मासळीला घमेल्यात घेतलं, तेव्हा तोंड गच्च मिटलेलं होतं. वेगळ्या किटलीत एकटीला नेलं.

सखूबाई डोहावरच होत्या. आसरांच्या सात दगडांना शेंदूर लावायचं काम त्यांच्या घराकडे आहे. त्या या डोहाला कुणाला साबण लावू देत नाहीत, जाळं तर लांबच. आमची नदी म्हणजे डोंगरातून येणारा मोठा ओढाच. तिच्यावर वर कुठं धरण नाही आणि डोहाच्या खाली कातळावरून पाण्याची उंच उडी आहे. बाहेरचं पाणी या डोहाला कधी लागलेलं नाही. सखूबाईंना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "जीव वाचवून आणतोस, आसरा काय नको म्हनत्यात व्हय?" आज त्यांनी किटलीला हळदकुंकू लावलं.

किटली पाण्यात आडवी केली. मासळी बाहेर पडली, एका दगडाच्या आडोशाला गेली. तोंड उघडलं का ते दिसलं नाही.

८ एप्रिल

आरतीचा फोन. चाकणला माझ्याकडे या म्हणते, घरात एकटे काय करता. म्हटलं, एकटा कुठं, डोह आहे.

२७ जुलै

नदीला पूर. डोह ओळखू येत नाही. मासे कुठं लपत असतील?

२१ नोव्हेंबर

आज शीलाचं वर्षश्राद्ध झालं.

पंगत उठल्यावर आरतीला घेऊन डोहावर गेलो. तिला दाखवायचं होतं. दिवाळीपासून मासे माझ्याकडे येऊ लागलेत. तांब्या आपटावाच लागत नाही, नुसती सावली पडली तरी पाणी उकळल्यासारखं होतं. चुरमुरे टाकले की एका क्षणात संपतात. वर्षभर मी तांब्या आपटत होतो, शेवटी त्यांनी मला ओळखलं.

आरती काठावर बसून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "दादा, हे आईचे नाहीत वाटतं."

का म्हणून विचारलं. आईचे मासे सावकाश यायचे, म्हणाली, आधी खालून एक फेरी मारायचे. हे नुसते तुटून पडतायत. आणि थोरली कुठं आहे?

मी जरा जोरातच बोललो. म्हटलं, वर्षातून दोनदा येणाऱ्यांनी मासे ओळखू नयेत. तिचे डोळे भरले. आज तरी बोलायला नको होतं. एसटीत बसताना तिनं पाया पडून घेतलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

२०२४

२६ फेब्रुवारी

पुन्हा कालवा बंद झाला. चार दिवस किटल्या नेल्या. कंबर धरली आहे. या वर्षी पट्ट्यांचेच जास्त होते, बाकीचे थोडे.

डोहात सोडताना पाणी गढूळ वाटलं. या दिवसांत तळाचे गोटे दिसतात, आज दिसले नाहीत. काठालगत पाण्याखालच्या वाळूत जागोजागी ताटाएवढे खोलगट वाटोळे खड्डे पडलेत. सखूबाईंना विचारलं. म्हणाल्या, आसरा रात्री खेळत असतील.

थोरली वर्षभरात एकदाही दिसली नाही. थोरलीच कशाला, खडसच दिसला नाही. म्हातारी झाली होती ती. पण सगळेच कसे म्हातारे होतील?

१९ एप्रिल

जेवलो नाही, आधी हे लिहितो.

मंचरला पाइप आणायला गेलो होतो. दुकानाकडे जायचा रस्ता खोदलेला, म्हणून बाजाराच्या मागून गेलो. ती मासळीची ओळ. माळ घातल्यापासून या बाजूनं मी कधी गेलो नव्हतो. शीलाही जायची नाही. नाकाला उपरणं लावून खाली बघत चाललो होतो आणि खाली बघत होतो म्हणूनच दिसलं.

एका पाटीत तेच मासे. पट्टे, पाठीवर फणी. पाटी भरून.

मी उभा राहिलो. पाटीवाली बाई, धोंडाबाई म्हणत होत्या तिला शेजारच्या, माझ्या गळ्याकडे बघून म्हणाली, "घ्या की माळकरी, कागदात बांधून देते. कुनाला सांगत न्हाई." शेजारच्या हसल्या.

मी विचारलं, हा कोणता मासा?

"चिलापी."

कुठला आहे?

"धरनातला. आपल्याकडचा न्हाई ह्यो, बाहेरून आलेला. एक सोडा, दोन सालात तळं भरतंय. आमचा धंदा ह्याच्यावरच हाय आता, आमी कशाला वाईट म्हनू? पन दुसरा मासा ऱ्हात न्हाई ह्याच्यापुढं." तिनं एक उचलून माझ्यापुढं धरला. "दुसऱ्याची अंडी खाती आन् आपली तोंडात धरून सांभाळती. लई चलाख जात."

मी पाइप न घेताच परत आलो.

घरी न जाता डोहावर गेलो. सावली पडली आणि पाणी उकळलं. या वेळी मी ते नीट पाहिलं. पट्टे, फणी, पट्टे, फणी. वाळूतल्या वाटोळ्या खड्ड्यांवरही तेच. दगडावर तांब्या आपटला, मग हातच आपटला. खालून फेरी मारत वर येणारं कुणी नव्हतं.

रस्त्यानं जाणारं कुणीही लेकरू हा मासा बघून नाव सांगेल. ज्यांच्या घरात मासे शिजतात त्या सगळ्यांना तो माहीत आहे. मला तेवढा माहीत नव्हता, कारण मी पवित्र होतो.

२० एप्रिल

पूजा केली नाही.

२१ एप्रिल

मनाला एक पळवाट सापडली होती. तेही जीवच आहेत. त्यांनी काय केलं? त्यांना मीच आणलं. राहू द्यावं, आसरांची इच्छा असेल. सकाळभर हे घोळवलं. दुपारी शीलाच्या फोटोपुढं बसलो आणि ते टिकलं नाही. मी मासे सांभाळीन म्हणालो होतो तेव्हा कोणते मासे ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, त्या कावळ्यालाही माहीत होतं.

२४ एप्रिल

हौशीरामला शोधत डिंभे धरणाच्या वर गेलो. भाताच्या खाचरांच्या कडेला त्याचं घर. तो अंगणात जाळ्याला शिशाचे मणी ओवत होता. बायकोनं कोरा चहा दिला. मी सगळं सांगितलं, मधेच तो उठून जाईल असं वाटत होतं. नाही उठला.

"तवाच म्हनलं व्हतं निवडून देतो," तो म्हणाला. "तुमाला वाटलं, हौश्या कालवणाचं बघतोय."

"वाटलं होतं."

"बघतच व्हतो. पन निवडूनबी दिलं असतं."

त्यानं शिशाचा पुढचा मणी ओवला. मग त्यानं सांगितलं, की मे महिन्यात डोह आटून बारका होतो तेव्हा ओढायचं जाळं टाकलं तर बरेच निघतील. सगळे नाही निघणार. बारकी दगडांत राहतील. पुढच्या साली पुन्हा टाकावं लागेल, त्याच्या पुढच्या सालीही.

मी विचारलं, तू टाकशील का?

"आसरांच्या डोहात?" त्यानं जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "न्हाई. जाळं देतो, ओढू लागतो. पन पयला हात मी लावनार न्हाई. मला पोरंबाळं हायत."

२८ एप्रिल

सखूबाईंना सांगायचं धाडस व्हायला चार दिवस गेले. त्या दगडांपुढं झाडत होत्या. मी बोलत असताना झाडायच्या थांबल्या नाहीत. माझं बोलणं संपलं तेव्हा झाडूनही संपलं होतं.

त्या म्हणाल्या, "किटलीला कुंकू मीच लावलं व्हतं."

म्हटलं, तुम्हाला काय माहीत.

"मला म्हायीत व्हायला पायजे व्हतं. माझ्या घरात चिलापी शिजती की. तू किटली झाकून आनायचास आन् मी देवाचं म्हनून वाकून बघितलं न्हाई."

सखूबाईंच्या घरात मासे शिजत असतील हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग मी जाळ्याचं विचारलं. या डोहात आजपर्यंत कधी जाळं पडलेलं नाही. त्यांच्या सासूच्या सासूच्या काळातही नाही. त्या दगडांकडे बघत बसल्या. सात दगडांतल्या मधल्याचा शेंदूर एका बाजूनं सुटला होता, तो त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवला.

"तू घातलंस, तूच काढ," त्या म्हणाल्या. "आसरा माफ करत्याल का न्हाई, मला न्हाई सांगता यायचं. पन दुसऱ्याच्या हातानं काढू नको. आन् त्यातलं एक बी कुनाच्या चुलीवर जाता कामा न्हाई."

३ मे

गावात बोलणं चाललंय. डोहात जाळं पडलं तर यंदा पाऊस रुसेल, असं पारावर कुणीतरी म्हणालं. माझ्याशी समोर कुणी बोलत नाही. आरतीला फोन केला. नोव्हेंबरात ती म्हणाली ते बरोबर होतं, एवढं सांगितलं. ती रडली. मी येते म्हणाली. म्हटलं, येऊ नकोस, हे तुला बघवणार नाही.

१२ मे

काल झालं ते आज लिहितो आहे.

पहाटे आंघोळ केली. माळ शीलानं आणि मी एकाच सप्ताहात, एकाच दिवशी घातली होती. तिची तिच्याबरोबर गेली. माझी काढताना गाठ सुटेना, दातानं सोडवावी लागली. पांडुरंगापुढं ठेवली. काही मागितलं नाही. परत घालीन असंही म्हणालो नाही. गळा इतका मोकळा लागत होता की वाटेत दोनदा हात वर गेला.

हौशीराम जाळं घेऊन आधीच आला होता. सखूबाई दगडांपाशी ओटीचं सूप घेऊन बसल्या होत्या. हिरव्या बांगड्या, दहीभात. त्यांनी ओटी भरली आणि माझ्याकडे न बघता मान हलवली.

पहिला हात मी लावला. जाळ्याचं टोक घेऊन छातीभर पाण्यात गेलो. पाणी थंड होतं. शीला या पाण्यात कधी पावलापलीकडे उतरली नाही. मासे पायांना येऊन लागत होते, चुरमुरे मिळतील म्हणून. त्यांनी मला खरंच ओळखलं होतं.

तीन वेळा जाळं ओढलं. वाळूवर चिलापीचा ढीग झाला. तडफडण्याचा आवाज टाळ्यांसारखा येतो, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या ओढीला दोन खडस सापडले, वीतभर लांबीचे. हौशीरामनं ते ओल्या हातानं अलगद उचलून माझ्या हातात दिले, मी पाण्यात सोडले. गेल्या वर्षीची अंडी कुठंतरी वाचली असणार. थोरली आली नाही. मी प्रत्येक ओढीला तिलाच शोधत होतो.

"पुरात खाली गेली आसल," हौशीराम म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, ते कळत होतं.

चौथी ओढ शेवटची. जाळं उघडताना माझ्या पायाशी एक मोठी चिलापी आली, तोंड गच्च मिटलेलं. मी उचलली. तीच होती असं म्हणत नाही, वर्ष होऊन गेलंय. तिनं माझ्या हातात तोंड उघडलं आणि पिल्लं बाहेर पडली, मोहरीसारखी, सगळी माझ्या ओंजळीतल्या पाण्यात. मोठी निसटून वाळूवर पडली. पिल्लं ओंजळीत एकाच बाजूला गोळा झाली होती, आई पडली त्या बाजूला.

हौशीराम पाठमोरा होऊन जाळं झटकत राहिला. सखूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. डोह दोन पावलांवर होता आणि त्यात आणखी मूठभर पिल्लं गेली असती तर कुणाला कळलं नसतं.

मी डोहाकडे पाठ केली, चढ चढून वरच्या तापलेल्या वाळूत गेलो आणि ओंजळ उघडली.